तासाभराचा दम

२९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीत अविनाश साबळेने हाफ मॅरेथॉन १ तास ० मिनिटं ३० सेकंदांत पूर्ण केली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा हा फौजी तोवर ३००० मीटर स्टीपलचेससाठी ओळखला जायचा. त्या दिवशी २१.०९७५ किलोमीटर ६१ मिनिटांच्या आत पळणारा तो पहिला भारतीय ठरला. किलोमीटरमागे साधारण २ मिनिटं ५२ सेकंद. हा वेग आपल्यापैकी बहुतेकांना पाचशे मीटरही झेपणार नाही, तेव्हा त्याच्याशी तुलना करायचं कारण नाही. या लेखापुरती लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की साबळेची हाफ मॅरेथॉन एका तासाची होती. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी माहीमहून सुटून सी लिंकवरून धावणाऱ्या हौशी रनरला तेवढ्याच अंतराला सव्वादोन तास लागतात, कित्येकांना पावणेतीन. शरीराच्या दृष्टीने या दोन निरनिराळ्या शर्यती आहेत. हाफ मॅरेथॉनच्या तयारीत टेम्पो रनवरून जो गोंधळ चालतो, त्यातला निम्मा तरी हा फरक विसरल्यामुळे होतो.

टेम्पो रन म्हणजे काय, याचं सर्वाधिक रुळलेलं उत्तर जॅक डॅनियल्स यांनी दिलं. हे अमेरिकन कोच शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक, आणि मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये १९५६ आणि १९६० च्या ऑलिंपिकमधली सांघिक पदकं मिळवलेले खेळाडू. १९९८ मध्ये त्यांचं ‘डॅनियल्स रनिंग फॉर्म्युला’ हे पुस्तक आलं आणि जगभरच्या रनिंग ग्रुपांना त्यातून एक कोष्टक मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ताज्या पायांनी शर्यतीत साधारण तासभर टिकवता येईल असा वेग शोधा आणि सरावात त्या वेगाने वीसेक मिनिटं पळा. हृदयाचे ठोके तुमच्या कमाल ठोक्यांच्या ८८ ते ९२ टक्क्यांच्या आसपास असावेत. कष्ट जाणवले पाहिजेत, पण लगाम आपल्या हातात राहिला पाहिजे.

तासभर टिकणारा वेग आणि पळायचं मात्र वीस मिनिटं. टेम्पोचं सगळं मर्म या हिशेबात आहे. आपल्याकडे घाम गाळल्याशिवाय, दमून खाली बसल्याशिवाय सराव झाला असं कुणाला वाटतच नाही. त्यामुळे एकविसाव्या मिनिटाला थांबणं हेच सगळ्यांत अवघड जातं.

थांबायचं का, हे समजायला रक्तातल्या लॅक्टेटची गोष्ट सांगावी लागते, आणि ती गोष्ट आंबलेल्या दुधापासून सुरू होते. १७८० मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने नासलेल्या दुधातून लॅक्टिक ॲसिड वेगळं केलं. आपल्या ताकाला आंबटपणा येतो तो त्याचाच. पुढे दमलेल्या स्नायूंतही ते सापडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहॉफ यांनी स्नायूंच्या कामाचा माग काढला, त्यांना १९२२ चं नोबेल मिळालं, आणि एक समजूत घट्ट झाली: ऑक्सिजन अपुरा पडला की लॅक्टिक ॲसिड तयार होतं आणि ते स्नायूंना थकवतं. आजही मैदानावर पोटऱ्या चोळत ‘लॅक्टिक साचलंय’ म्हणणारे भेटतात. साचलेलं नसतं. पळणं थांबल्यावर तासाभरात लॅक्टेट पूर्वपदावर येतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात त्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे.

ही समजूत मोडून काढण्यात मोठा वाटा बर्कलीच्या जॉर्ज ब्रूक्स यांचा. १९८० च्या दशकापासून त्यांनी दाखवलं की लॅक्टेट सतत तयार होत असतं, अगदी आरामात बसलेलो असतानाही, आणि ते इंधन म्हणून वापरलं जातं. एका स्नायूत बनलेलं लॅक्टेट शेजारच्या संथ तंतूंत किंवा हृदयात जळतं. मोरीत नळ चालू आहे आणि पाणी जाळीतून वाहून जातंय, तोवर मोरी कोरडी दिसते. नळ थोडा जास्त सोडला तरी जाळी ओढून घेते. एका मर्यादेपलीकडे मात्र पाणी चढायला लागतं. पळण्याचा वेग वाढवत नेला की रक्तात असंच होतं, आणि ज्या वेगाला चढण सुरू होते त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. टेम्पोचा वेग तिथे किंवा त्याच्या अलीकडे एक पाऊल. थ्रेशोल्डच्या अलीकडे शरीर स्थिर राहतं; पलीकडे गेलं की घड्याळ उलटं मोजायला लागतं.

आरामात रक्तात लिटरमागे सुमारे १ मिलिमोल लॅक्टेट असतं. १९७६ मध्ये कोलोनच्या आलोइस माडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४ मिलिमोल ही रेघ आखली, आणि ती इतकी सोयीची निघाली की जणू निसर्गनियमच असल्यासारखी पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. खरं तर ती सरासरी आहे. कुणाचा थ्रेशोल्ड ३ ला असतो, कुणाचा ५ च्या पुढे. तरीही ही मोजणी कामाची आहे याचा पुरावा लवकरच मिळाला: १९७९ मध्ये पीटर फॅरेल आणि सहकाऱ्यांनी १८ पुरुष रनर तपासले, तेव्हा लॅक्टेट वाढायला लागण्याचा वेग आणि शर्यतीतला वेग यांचं नातं ०.९१ किंवा त्याहून वरच्या सहसंबंधाचं निघालं. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, जिच्याबद्दल घड्याळं हल्ली रोज सकाळी आपल्याला आकडा देऊन सुखी किंवा दुःखी करतात, तिच्यापेक्षा हा वेग लांब शर्यतीचा अंदाज जास्त चांगला देतो. सारखी क्षमता असलेल्या दोघांत, त्या क्षमतेचा मोठा हिस्सा जो जास्त वेळ वापरू शकतो तो पुढे जातो.

इथवर मतभेद फारसे नाहीत. ते सुरू होतात कोचांच्या वहीत. डॅनियल्स यांचा टेम्पो वीस मिनिटांचा, एकसुरी. पीट फित्झिंगर यांच्या आराखड्यांत थ्रेशोल्डचा वेग १५ किलोमीटर ते हाफ मॅरेथॉनच्या शर्यतीचा. हॅल हिग्डन यांच्याकडे टेम्पो म्हणजे हळू सुरू करून मधल्या टप्प्यात १० किलोमीटरच्या वेगाजवळ नेऊन पुन्हा उतरवलेली धाव. हॅन्सन बंधूंच्या मॅरेथॉन पद्धतीत टेम्पो म्हणजे चक्क मॅरेथॉनचा ठरवलेला वेग, जो यांतल्या सगळ्यांपेक्षा संथ. आता एखादा रनर एका पुस्तकातला वेग घेतो, दुसऱ्या ॲपमधला कालावधी घेतो आणि ४५ मिनिटं तासाभराच्या शर्यतीच्या वेगाने पळायला निघतो. तो सराव राहत नाही, दर गुरुवारची शर्यत होते. आराखडा कुणाचाही घ्या, पण अख्खा घ्या.

‘हाफ मॅरेथॉनच्या वेगाने पळा, तोच टेम्पो’ हा सल्ला सर्रास दिला जातो. साबळेसाठी तो अक्षरशः खरा आहे, कारण त्याची हाफ मॅरेथॉनच तासाभराची. डॅनियल्स यांच्या कोष्टकात पाहिलं तर हाफ मॅरेथॉन साधारण १ तास ३२ मिनिटांत पळणाऱ्याचा शर्यतीचा वेग किलोमीटरला ४:२० आणि टेम्पोचा ४:१५. फरक पाच सेकंदांचा. १ तास ५१ मिनिटांवाल्याचा ५:१६ आणि ५:०६, दहा सेकंद. २ तास २१ मिनिटांवाल्याचा ६:४१ आणि ६:२४; सतरा सेकंद. म्हणजे रनर जितका संथ, तितका त्याच्या शर्यतीचा वेग त्याच्या थ्रेशोल्डपासून खाली. सव्वादोन तासांच्या पुढच्या माणसाने हाफ मॅरेथॉनच्या वेगाने वीस मिनिटं काढली तर त्याला तो सराव सोपा वाटेल, आणि उद्देशही साधणार नाही. त्याने आपला १० किलोमीटरचा वेग पाहावा. १० किलोमीटर बरोबर तासाभरात पळणाऱ्याचं गणित तर तोंडी आहे: ६ मिनिटांचा किलोमीटर हाच त्याचा टेम्पो. मात्र ती वेळ अलीकडच्या, जीव लावून पळलेल्या १० किलोमीटरची हवी. तीन वर्षांपूर्वीची, वजन आठ किलो कमी असतानाची नको.

याचीच दुसरी बाजू अशी की संथ रनरला शर्यतीच्या वेगाचा सराव वेगळा करावा लागतो. दोन तासांहून जास्त चालणाऱ्या शर्यतीत थ्रेशोल्डइतकाच स्नायूंतल्या ग्लायकोजेनचा, पायांच्या सोशिकपणाचा आणि पोटात जेल टिकण्याचा प्रश्न असतो. तो वीस मिनिटांच्या टेम्पोने सुटत नाही. त्यासाठी रविवारच्या लाँग रनमधले शेवटचे पाच-सहा किलोमीटर ठरवलेल्या वेगाने पळावे लागतात. आमच्याकडच्या हौशी आराखड्यांत टेम्पोला फार मान आणि या शेवटच्या पाच किलोमीटरना फार कमी, असं माझं मत आहे.

टेम्पोने नेमका फायदा किती होतो, यावर संशोधक एका सुरात बोलत नाहीत. बेन लाँडरी यांनी १९९७ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. बैठ्या लोकांचा थ्रेशोल्ड वर सरकायला थ्रेशोल्डच्या तीव्रतेचा सराव पुरतो, तयारीच्या खेळाडूंना बहुधा त्याहून तीव्र काही लागतं, असा त्याचा रोख होता. स्टीफन सायलर यांनी सहनशक्तीच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा सुमारे ८० टक्के सत्रं निवांत आणि उरलेल्यांतली बरीच खूप कठीण, मधला पट्टा, म्हणजे टेम्पोच्या आसपासचा, अगदी थोडा, असं चित्र दिसलं. २००७ मध्ये एस्तेवे-लानाओ आणि सहकाऱ्यांनी स्पेनमधल्या पळणाऱ्यांचे दोन गट केले. दोघांचा कठीण सराव सारखाच, पण एकाचा जवळपास ८० टक्के सराव निवांत आणि दुसऱ्याचा ६७ टक्के, बाकी मधल्या पट्ट्यात. पाच महिन्यांनंतर निवांत पळणाऱ्यांची सुधारणा जास्त निघाली. एवढं वाचून टेम्पो बंद करणारेही आहेत. पण १२ जणांच्या अभ्यासावर असा निकाल देता येत नाही, आणि त्यात टेम्पो निरुपयोगी असल्याचं म्हटलेलंही नाही. मधला पट्टा सगळ्या आठवड्यावर पसरला तर बिघडतं, एवढंच त्यातून निघतं. २०१४ मध्ये मुन्योस आणि सहकाऱ्यांनी हौशी रनरांवर अशीच तुलना केली, तेव्हा १० किलोमीटरच्या वेळेत दोन्ही गट सुधारले. ध्रुवीकृत, म्हणजे निवांत आणि कठीण या दोन टोकांवर भर देणाऱ्या सरावाच्या गटात ५ टक्के, मधल्या पट्ट्यावर भर देणाऱ्या गटात ३.६ टक्के, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. आठवड्याला चार तास पळणाऱ्या नोकरदार माणसासाठी हा निष्कर्ष जास्त जवळचा आहे. आर्तुरो कसादो आणि सहकाऱ्यांनी जागतिक दर्जाच्या लांब पल्ल्याच्या रनरांच्या सरावाचे हिशेब मांडले, तेव्हा यशाशी सर्वांत घट्ट जुळलेल्या गोष्टींत निवांत किलोमीटर, छोटे इंटरव्हल आणि टेम्पो असे तिन्ही होते. भांडण मिटलेलं नाही. पण निवांत किलोमीटरांचा पाया सगळ्यांनाच मान्य आहे.

आपल्या शहरांतल्या ग्रुपांत नेमका तोच पाया कच्चा असतो. सकाळी साडेपाचला पाच जण एकत्र निघतात, त्यातला एक जरा जोरात असतो, बाकीचे त्याच्याशी जुळवून घेतात, आणि स्ट्राव्हा ॲपवर ‘इझी रन’ म्हणून जे चढतं ते कुणाच्याच दृष्टीने इझी नसतं. ना धड निवांत, ना धड टेम्पो. अशा माणसाला टेम्पोचा सल्ला देण्याआधी बाकीचे तीन दिवस संथ करायला सांगावं, एवढ्याने त्याची वेळ सुधारते.

नॉर्वेचं प्रकरण हल्ली फार चर्चेत आहे. २००४ मध्ये ५००० मीटर १३ मिनिटं ६.३९ सेकंदांत पळालेल्या मारियुस बाकेनने स्वतःचं लॅक्टेट हजारो वेळा मोजून एक पद्धत बसवली: एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन थ्रेशोल्ड सत्रं, दर काही मिनिटांनी थेंबभर रक्ताची तपासणी, आणि आकडा वर गेला की वेग कमी. याकोब इंगेब्रिग्टसेन आणि त्याच्या भावांनी त्या वाटेचं रूप जगाला दाखवलं. याकोबने टोकियोत १५०० मीटरचं आणि पॅरिसमध्ये ५००० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. हौशी माणसाने यातली दोन सत्रांची भानगड उचलू नये. ती आठवड्याला दीडशेहून जास्त किलोमीटर पळणाऱ्यांची आणि दुपारी झोपणाऱ्यांची चैन आहे. उचलायची ती मर्यादा. हे लोक थ्रेशोल्डच्या जरा खालीच, बऱ्याचदा २ ते ३ मिलिमोलच्या आसपास राहतात आणि सलग पळण्याऐवजी तुकडे करतात. डॅनियल्स यांनीही तुकडे सुचवलेच होते: दीडेक किलोमीटर टेम्पोच्या वेगाने, मग मिनिटभर विश्रांती, असे चार-पाच. नवख्याला सलग वीस मिनिटांपेक्षा हेच बरं पडतं. वेग बिघडत नाही आणि मन धास्तावत नाही.

आपल्याकडे बोटाला टोचून लॅक्टेट मोजणारे थोडे. मग वेग बरोबर आहे हे कळायचं कसं? सगळ्यांत भरवशाचं साधन बोलणं आहे. निवांत धावेत गप्पा चालू राहतात. टेम्पोत ‘पुढे डावीकडे वळू’ एवढं म्हणता येतं आणि मग श्वास घ्यावा लागतो. एकेक शब्द तुटत असेल तर मर्यादा ओलांडली. ठोक्यांचा आधार घेता येतो, पण सावधपणे: २२० वजा वय हे सूत्र एखाद्याच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, मनगटावरचं घड्याळ घामाने आणि हातांच्या हेलकाव्यांनी गडबडतं, आणि पहिली तीन-चार मिनिटं ठोके श्रमाच्या मागेच असतात. त्या मिनिटांत आकडा कमी दिसतो म्हणून वेग वाढवणारे पुढे फसतात.

आणि हवा. पुस्तकांतली कोष्टकं थंड हवेत, सपाट रस्त्यावर जमवलेली. एप्रिलच्या मुंबईत पहाटेसुद्धा दमटपणा इतका असतो की घाम नुसता टपकतो, उडून जात नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. रक्ताचा एक हिस्सा त्वचेकडे वळतो, आणि त्याच वेगाला ठोके वाढलेले दिसतात. मरीन ड्राइव्हवर मे महिन्यात जानेवारीचा टेम्पो धरायला जाणं म्हणजे नकळत थ्रेशोल्ड ओलांडणं. अशा दिवशी श्रम धरावेत, वेग घड्याळावर काय दिसेल तो दिसू द्यावा. किलोमीटरला पंधरा-वीस सेकंद गेले तरी सराव वाया गेलेला नसतो. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात तेच श्रम वेगाची परतफेड करतात. चढाचंही तसंच. सिंहगडाच्या पायथ्याकडे जाणारा किंवा ठाण्यातला येऊरचा रस्ता छान आहे, पण पहिले काही टेम्पो सपाटीवरच करावेत, म्हणजे श्रम आणि वेग यांची सांगड एकदा अंगात बसते.

किती करायचं यावर डॅनियल्स यांचा नियम सरळ आहे: एका सत्रात टेम्पोचं अंतर आठवड्याच्या एकूण अंतराच्या १० टक्क्यांपुढे नको. आठवड्याला ४० किलोमीटर पळणाऱ्याला चार किलोमीटर मिळतात, म्हणजे वीस-बावीस मिनिटं. हिशेब आपोआप जुळतो. आठवड्याला जेमतेम १८ किलोमीटर पळणाऱ्याला दोनसुद्धा मिळत नाहीत, आणि तेच योग्य आहे. त्याने आधी किलोमीटर वाढवावेत. त्या पातळीवर संथ पळण्यानेही थ्रेशोल्ड वर सरकतो. बाकीच्यांनी आठवड्यातून एकदा, लाँग रनच्या दोन-तीन दिवस अलीकडे किंवा पलीकडे, आधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करून टेम्पो करावा. सुरुवात पाच-सहा मिनिटांच्या तीन तुकड्यांनी. मग दहाचे दोन. मग सलग वीस. शर्यतीला महिना उरला की यातले काही टेम्पो बाजूला सारून त्या जागी शर्यतीच्या वेगाचे लांब तुकडे आणावेत, आणि शेवटचा टेम्पो शर्यतीच्या साधारण दहा दिवस आधी, तोही आखूड. त्यानंतर केलेल्या कष्टाचं फळ त्या रविवारी मिळत नाही, फक्त थकवा मिळतो.

शर्यतीच्या दिवशी या सगळ्याचा उपयोग श्रम ओळखण्यासाठी होतो. मुंबईत हाजी अलीनंतर पेडर रोडचा चढ येतो, तेव्हा अंगात टेम्पो बसलेला माणूस तिथे वेग सोडतो आणि श्रम धरून ठेवतो. चढ थोडक्यात संपतो, त्यामुळे श्रम जरा वाढले तरी निभावतं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये मात्र हे चालत नाही. शहर सोडलं की यवतेश्वरचा घाट लागतो, कासच्या रस्त्याने वर जाऊन वळायचं आणि त्याच घाटाने खाली यायचं. सव्वादोन-अडीच तासांच्या रनरला वरच्या वळणापर्यंत पोचायलाच तासाहून जास्त लागतो. त्याने चढ टेम्पोच्या श्रमाने काढला तर तासाभराचा दम वळणाआधीच खर्च होतो, आणि उरलेले दहा किलोमीटर तो घाटातून नुसता ओघळत येतो. तिथे चढताना दोन वाक्यं बोलता येतील इतकंच पळावं, गरज पडली तर चालावं. उतारावर मांड्यांना जे धक्के बसतात त्यांची तयारी तर टेम्पोने होतच नाही. त्यासाठी शर्यतीआधीच्या दीड-दोन महिन्यांत चार-पाच वेळा एखाद्या घाटावर जाऊन मुद्दाम उतार पळावा लागतो, आणि त्या आठवड्यात टेम्पोला सुट्टी द्यावी लागते.